दत्तक पणजोबा आणि पानिपतचं रक्त

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे, बँकेतून निवृत्त, राहतात पुण्यात, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की मूळ पुरुष पानिपतावर पडला आणि त्याबद्दल पेशव्यांनी गावात इनाम दिलं. येत्या मे महिन्यात कुलसंमेलन आहे आणि वंशावळ छापायचं काम यांच्या गळ्यात पडलंय. त्यासाठी त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीतून नावं उतरवून घ्यायला गेले, तर पणजोबांच्या नावापुढे ‘दत्तपुत्र’ असं लिहिलेलं. जन्मघर म्हणून जावळीतलं एक गाव, आडनाव वेगळं. घरात हे कधी कुणी बोललेलं नाही. तिकडे अमेरिकेतल्या पुतण्याने डीएनए चाचणी करून घेतली. अहवालात काही टक्के ‘वायव्य भारत’ निघालं, तेव्हा पानिपत सिद्ध झालं असं त्याचं म्हणणं. आता त्याने घरातल्या सर्वांत वडील माणसासाठी, म्हणजे पत्रलेखकांच्या शहाऐंशी वर्षांच्या काकांसाठी, एक नळी पाठवली आहे; काकांना ‘तब्येतीची तपासणी’ सांगून लाळ घ्यावी असा त्याचा सल्ला. पत्रलेखक विचारतात: ‘आम्ही नेमके कोण? दत्तकाचं छापावं की दाबावं? काकांना सांगावं का? आणि जावळीच्या त्या घरी जावं का?’

नमस्कार.

तुमच्या चार प्रश्नांकडे येतोच, पण आधी ती तब्येतीच्या तपासणीची थाप. ती मारू नका. काकांना कदाचित कमी ऐकू येत असेल, विसरायला होत असेल, तरी त्यांच्या लाळेतून जे निघेल ते त्यांचं आहे. आणि एकट्या त्यांचंही नाही: त्यांची मुलं, नातवंडं, तुम्ही, तुमची मुलं, सगळ्यांचा थोडाथोडा हिस्सा त्या नळीतून परदेशी जातो. ट्वेंटीथ्री अँड मी ही या धंद्यातली बड्या नावाची अमेरिकन कंपनी. २०२३ मध्ये तिच्याकडच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरट्यांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. चाचणी करूच नये असं मी म्हणत नाही. करणाऱ्याला हे आधी माहीत असावं, एवढंच.

दुसरी गोष्ट त्याहून घरगुती आहे. काका आणि तुमचा पुतण्या यांचं नातं चुलत आजोबा-नातवाचं. दोघांत साधारण साडेबारा टक्के डीएनए सारखं निघायला हवं. समजा, ते सहाच टक्के निघालं. म्हणजे बहुधा तुमचे वडील आणि काका सख्खे भाऊ नव्हते, एकाच बाजूने भाऊ होते. प्रश्न विचारला होता १७६१ चा आणि उत्तर आलं काकांच्या जन्माच्या सुमाराचं, तेही कुलसंमेलनाच्या तोंडावर, पुतण्याच्या मोबाइलवर. असं सहसा होत नाही. पण होऊ शकतं, आणि ज्यांच्या आईवडिलांबद्दल ते असेल त्यांना ‘काका, जरा इथे थुंका, शुगर बघायचीय’ म्हणणं मला पटत नाही. नळीत काय जाणार, त्यातून काय काय निघू शकतं, हे समजून ते हो म्हणाले तर प्रश्नच मिटला. नको म्हणाले तर तेही तितकंच पक्कं उत्तर समजा.

आता त्या टक्क्यांचं. पुतण्या हुशार असणार, पण इथे त्याचा तर्क उलटा फिरलाय. पानिपतावर जो पडला, तो तिथेच पडला. त्याची मुलंबाळं त्याआधी इकडे साताऱ्याकडे जन्मलेली होती. मग तिकडचं रक्त तो इकडे आणणार कसा? पुतण्याचं खरं मानायचं तर तुमचा मूळ पुरुष लढाईतून वाचला, तिकडचीच बायको केली आणि दोघं परत गावी आले, असं म्हणावं लागेल. ही कथा तुमच्या काकांना अजिबात आवडणार नाही.

ते टक्के म्हणजे काय, हेही समजून घ्या. कंपनीकडे निरनिराळ्या प्रदेशांतल्या लोकांचे नमुने असतात. तुमच्या डीएनएचे तुकडे त्यांतल्या कुणाशी जास्त मिळतात ते बघून लेबल लावतात. भारतातले नमुने त्यांच्याकडे युरोपच्या मानाने कमी. नमुने वाढले, हिशेबाची पद्धत बदलली की तोच माणूस पुढच्या वर्षी वेगळ्या टक्क्यांचा होतो. शिवाय आपल्या सगळ्यांच्याच अंगात हजारो वर्षांपूर्वीची मिसळ आहे, कमी-अधिक प्रमाणात. तिच्यावर अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका लढाईचा शिक्का शोधणं व्यर्थ.

पानिपतचंच एक उदाहरण देतो. कर्नाल, कुरुक्षेत्र, पानिपत या पट्ट्यात रोड समाज आहे. लढाईनंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, अशी भावना त्यांच्यातल्या अनेकांची आहे, आणि ती मनापासूनची आहे. २०१८ मध्ये वायव्य भारतातल्या समाजांचा एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोड समाजाचा कल उलट भारताच्या बाहेर, पश्चिमेला राहणाऱ्या लोकसमूहांकडे जास्त दिसला. मग त्यांची आठवण खोटी ठरली का? तसंही म्हणता येत नाही. मोठ्या समाजात मूठभर शिपाई मिसळून गेले तर इतक्या पिढ्यांनंतर समाजाच्या सरासरीत ते दिसणारच नाहीत. टक्के आठवणीला दुजोरा देत नाहीत आणि तिला खोडतही नाहीत. त्यांचा प्रश्नच वेगळा असतो.

हिशेब करून पाहा. पुतण्यापासून पानिपतापर्यंत साधारण नऊ पिढ्या धरल्या तर त्या पायरीवर त्याचे ५१२ पूर्वज येतात. (मामाच्या मुलीशी लग्नं लागत आलेल्या घरांत त्यांतले बरेच जण दोनदा-तीनदा येतात, म्हणून आपल्याकडे ही संख्या कागदावरच मोठी. त्याच कारणाने आपल्याकडच्या माणसाला कंपनी ‘चौथ्या पायरीचे चुलत भाऊ’ म्हणून जी लांबलचक यादी दाखवते, तीही फुगलेली असते.) दर पिढीला डीएनए निम्मं होत जातं, आणि तेही सारखं वाटलं जात नाही. त्यामुळे त्या ५१२ पैकी अनेकांचा एकही तुकडा आज पुतण्याच्या अंगात नसेल. पानिपतवीर त्यांतलाच एक असू शकतो, दत्तकाचा विषय निघालाच नसता तरीही.

अपवाद वाय गुणसूत्राचा. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. पण तुमच्या घरात पणजोबा दत्तक आले, म्हणजे ती दोरी तिथे तुटली असण्याची शक्यता वहीतच लिहिलेली आहे. शक्यता म्हणतो, कारण दत्तक पुष्कळदा भाऊबंदांतूनच घेत. तुमच्याकडे आडनाव वेगळं आहे, पण पाटील, देशमुख अशी हुद्द्याची किंवा गावाची नावं पुढे आडनावं होऊन बसली, त्यामुळे तेवढ्यावरूनही निकाल लागत नाही. गावातल्या दुसऱ्या शाखेतल्या एखाद्या भाऊबंदाचा आणि तुमचा वाय जुळला तर पणजोबा भावकीतून आले असं म्हणता येईल. नाही जुळला तर ते बाहेरून आले, किंवा मधल्या एखाद्या पिढीत आणखी काही झालं, याच शाखेत किंवा त्या शाखेत. पानिपताबद्दल दोन्ही वेळा काहीच कळत नाही, कारण मूळ पुरुषाचा नमुना कुणाकडेच नाही.

डीएनए कुचकामी आहे असा अर्थ काढू नका. जुन्या गोव्यातली गोष्ट बघा. जॉर्जियाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतला काही भाग १६२७ मध्ये गोव्यातल्या आपल्या मठात आणला. पोर्तुगीज कागदांत जागा दिलेली होती: मठाच्या सभागृहातली अमुक खिडकी, तिथली दगडी पेटी. पुढे मठ उजाड झाला, छत कोसळलं, आज उभा आहे तो सेंट ऑगस्टिनचा अर्धा मनोरा. पुरातत्त्व खात्याने कागद हातात धरून ढिगारे उपसले आणि हाडाचा तुकडा सापडला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने त्यातलं मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए तपासलं, म्हणजे आईकडून लेकरांना मिळणारं. ते ज्या गटातलं निघालं तो गट भारतातल्या हजारो नमुन्यांत सापडला नाही, जॉर्जियातल्या नमुन्यांत सापडला. २०२१ मध्ये भारत सरकारने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. इतकं सगळं जुळूनही शास्त्रज्ञांनी शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘बहुधा’ हा शब्द ठेवला.

यातला क्रम बघा. कागदाने आधी खिडकी दाखवली, मग प्रयोगशाळेला एक नेमका, छोटा प्रश्न विचारला: हे हाड इथल्या माणसाचं की तिकडच्या? तुमच्या पुतण्याने प्रश्न ठरवायच्या आधीच नळी मागवली.

आणि कागद अन् रक्त यांचं जुळलं नाही तर काय होतं, तेही बघा. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत पडला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका गाडीतळाखाली सापडला. बहिणीच्या मुलींकडून चालत आलेल्या वंशातल्या हयात माणसांशी त्याचं डीएनए जुळलं. पण कागदोपत्री त्याच्याच पुरुष-वंशातले म्हणून जे पाच जण तपासले, त्यांच्यापैकी एकाशीही वाय जुळला नाही. वर त्या पाचांतला एक उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. राजघराण्याच्या वंशावळीत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कारकून बसून नोंदी करत होते, तिथे ही गत. त्यामुळे ‘आम्ही नेमके कोण’ हे नळीला विचारू नका. आपल्या परंपरेत त्याचं उत्तर पूर्वीच दिलेलं आहे. दत्तविधान झालं की मुलगा जन्मघरातून उठला. गोत्र नवं, श्राद्ध-पक्ष नव्या घराचा, वारसा नव्या घराचा. तुमच्या पणजोबांनी पानिपतवीराच्या नावाने पाणी सोडलं असेल तर त्यांना तो पुरता अधिकार होता. १९५६ च्या दत्तक कायद्यातही तत्त्व तेच आहे: एकदा विधिवत झालेलं दत्तक रद्द होत नाही. तेव्हा जमिनीची धास्ती वाटत असेल तर ती सोडा. (असेच कागद शोधणाऱ्या इतर वाचकांसाठी जाता जाता: जातीच्या दाखल्यालाही कागदाचाच पुरावा लागतो, डीएनएचा अहवाल तिथे उपयोगाचा नाही.)

आता पानिपत. मूळ पुरुष खरोखर तिथे पडला का, याचं उत्तर असलंच तर कागदात आहे, आणि तुमच्याकडे एक धागा आहे जो फार थोड्यांकडे असतो: इनाम. लढाईत माणूस गेला की त्याच्या लेकरांच्या पोटापाण्यासाठी सरकार जे लावून देई त्याला बालपरवेशी म्हणत. इनामाची सनद असेल तर कारण सहसा तिच्यातच लिहिलेलं असतं: अमक्याचे वडील अमक्या ठिकाणी ‘सरकारकामास आले’. कामास येणे म्हणजे लढाईत मरणे. मोडी वाचणाऱ्याला हे शब्द चटकन दिसतात, नवख्याला वाटतं माणूस कुठे नोकरीला लागला. सनदेत पानिपताऐवजी राक्षसभुवन, खर्डा, दुसरंच काही निघालं तर दचकू नका. घरोघरच्या आठवणीत सगळ्या लढाया हळूहळू पानिपताकडे सरकतात. आमच्या मूळ पुरुषाने राक्षसभुवनला जीव दिला, असं अभिमानाने सांगणारं घर मला अजून भेटायचंय.

सनद घरात नसेल तर इनाम कमिशनकडे वळा. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी लावली: तुमचं इनाम खरं कशावरून, कोणी दिलं, कोणाकोणाकडून तुमच्यापर्यंत आलं? लोक हैराण झाले, कित्येकांची इनामं गेली. पण त्या जाचामुळेच घराघरांनी कैफियती लिहून दिल्या, सनदांच्या नकला जोडल्या आणि वंशावळी काढून दिल्या. तुमच्या दृष्टीने ही वंशावळ सोन्याची, कारण ती १७६१ आणि पणजोबा यांच्यामधला काळ भरून काढते, आणि पानिपत तेव्हा तीन-चार पिढ्यांच्याच अंतरावर होतं. हे कागद पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे लोक अजूनही ज्याला पेशवे दफ्तर म्हणतात तिथे शोधावे लागतील. कोट्यवधी कागद, कापडी रुमालांत बांधलेले. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर कुणीच मदत करू शकणार नाही. गाव, तेव्हाचा परगणा किंवा तर्फ, आणि इनामाचा प्रकार एवढं टिपून न्या. मोडी येत नसेल तर वाचून देणारे जाणकार पुण्यात मिळतात, भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. तुम्ही निवृत्त आहात, स्वतःच शिका असं मी म्हणेन. नावं आणि तारखा लावण्यापुरती मोडी सवयीने येते.

तारखांचं मात्र जपा. पेशवाईतल्या कागदावर सन अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, कारण हे वर्ष मृगाला बदलतं. ११६१ म्हणजे १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंत, म्हणजे पानिपताचंच वर्ष. पुढच्या कागदांवर फसली सन दिसेल, त्यात ५९०-५९१ मिळवायचे. शके असेल तर ७८-७९. ही वर्षं एकमेकांत मिसळली की एक पिढी इकडची तिकडे होते. नावांचंही तसंच. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे ‘संभाजी बिन रामजी’ (म्हणजे रामजीचा मुलगा संभाजी) आणि ‘रामजी बिन संभाजी’ आलटून पालटून येत राहतात, आणि उतरवून घेणारा दोन माणसांचा एक किंवा एकाचे दोन करून बसतो. दर नावाशेजारी वर्ष आणि जमिनीचा तुकडा लिहीत जा. तुकडा सहसा चुकू देत नाही.

पणजोबांच्या अलीकडचं काम सोपं आहे. फेरफार आणि जुने सातबारे महसूल खात्याच्या संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन केलेले मिळतात. वारसाच्या फेरफारात ‘दत्तक पुत्र’ असा शेरा कित्येकदा असतो. घराण्यात पाटीलकी असेल तर १८७४ च्या वतन कायद्याखालच्या वारसनोंदी पाहा. जन्म-मृत्यूसाठी तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. २०२३ पासून कुणबी नोंदींचा जो शोध चालला त्यात ही बुकं मोठ्या प्रमाणावर चाळली गेली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदींच्या प्रती चढल्या. कुणबी दाखला नको असला तरी त्या बघायला हरकत काय? शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. मुलाचं नाव घालायला कोण आलं होतं हे त्यात कधी कधी कळतं.

आणि त्र्यंबकला पुन्हा जा. या वेळी उपाध्यांना विचारा की ‘दत्तपुत्र’ हा शब्द कुणाच्या हातचा आहे. वहीत काही नोंदी उपाध्ये लिहितात, पण यजमानाला लिहिता येत असेल तर तो आपल्या हाताने लेख लिहितो आणि खाली सही करतो. शाई, वळण, आजूबाजूच्या ओळी नीट बघा. परवानगी घेऊन पानाचा फोटो काढा, नुसती नावं उतरवून आणू नका. तो शब्द पणजोबांच्या स्वतःच्या हातचा निघाला, तर ‘घराने हे दाबलं’ हे तुमचं गृहीतक तिथेच पडतं. माणसाने स्वतः तीर्थावर जाऊन लिहून ठेवलं, जन्मगावासकट. दत्तविधान ही चोरून करायची गोष्ट नव्हतीच. होम व्हायचा, गाव जेवायचं, भाऊबंद साक्षीला बसायचे. नंतरच्या कुणाला तरी ते सांगायचं राहिलं, किंवा सांगण्यासारखं वाटलं नाही.

म्हणूनच काकांचा प्रश्न तुम्ही समजता तितका अवघड मला वाटत नाही. तुमचे पणजोबा ते काकांचे आजोबा. तुम्हाला ते वंशावळीतलं एक नाव. काका त्यांच्या मांडीवर खेळले असतील, त्यांच्या हाताचा एखादा फटकाही खाल्ला असेल. ‘काका, आपण खरे अमुक नाहीच’ अशी सुरुवात केलीत तर कुणीही बिथरेल, आणि ते विधान खोटंही आहे. त्यापेक्षा आजोबांबद्दल विचारा. ते कुठल्या गावाला जायचे? जावळीकडून कुणी यायचं का? लग्नाकार्यात तिकडचा आहेर असायचा का? तुमच्याआधी त्यांनाच सगळं माहीत आहे, असंही निघेल. माहीत नसेल तर वहीतल्या पानाचा फोटो दाखवा आणि त्यांचं त्यांना वाचू द्या. एका दिवसात सगळं उरकू नका. म्हातारी माणसं पहिल्या दिवशी ‘काही नाही’ म्हणतात आणि चौथ्या दिवशी जेवताना आपण होऊन बोलायला लागतात.

छापायचं की नाही? छापायचं. चांगल्या कुलवृत्तांतांत दत्तक आलेला, दत्तक गेलेला अशी सरळ नोंद असते, जन्मघराच्या नावासकट. त्यात कमीपणा नाही. पानिपताची ओळही ठेवा, फक्त तिच्यापुढे लिहा की ही घरात चालत आलेली माहिती आहे, कागद मिळालेला नाही. सनद सापडली तर पुढच्या आवृत्तीत ती ओळ बदलेल. काका हयात असेपर्यंत दत्तकाचं छापू नका असं ते स्वतः म्हणाले, तर मात्र थांबा. एका संमेलनासाठी त्यांना दुखवण्यात अर्थ नाही.

वंशावळीच्या नमुन्यात तुम्ही फक्त पुरुषांच्या चौकटी आखल्या असणार, सगळेच आखतात. पण पणजोबांना दत्तक घेतलं कुणी? त्या काळी मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर स्वतःच्या अधिकाराने दत्तक घेता येत असे. मद्रासकडे, बंगालकडे तसं नव्हतं. इथे कित्येक घरं अशाच एखाद्या बाईने चालू ठेवली: नवरा गेला, पोर नाही, दीर-पुतणे जमिनीकडे डोळे लावून बसलेले, आणि तिने माहेरच्या किंवा ओळखीच्या घरातला मुलगा मांडीवर घेतला. तुमच्याकडे असंच झालं असं मी म्हणत नाही, पण जावळी हे त्या बाईंचं माहेर तर नव्हे, हे मी सगळ्यात आधी तपासलं असतं. तसं निघालं तर ज्या आडनावाने तुम्ही बिचकलात ते तुमच्या खापरपणजीचं निघेल. पानिपतवीर मोठा खरा. पण तुमचं घर आज ज्या निर्णयामुळे उभं आहे तो बहुधा या बाईचा, आणि तिचं नाव अजून तुम्हाला ठाऊक नाही. शोध घ्यायचाच तर मी तिचा आधी घेईन.

पुतण्याला नाराज करू नका. त्याच्या हौसेतूनच हे सगळं उकरलं गेलं आणि उद्या ही वंशावळ तोच पुढे चालवणार आहे. त्याला काम द्या: पानांचे फोटो नीट लावणं, सगळ्यांनी पाहावी अशी फाइल करणं, हयात माणसांच्या जन्मतारखा त्यातून वगळणं. त्याला वाय चाचणी करायचीच असेल तर स्वतःची करू दे, आणि गावातल्या दुसऱ्या शाखेतला कुणी आपण होऊन तयार झाला तर त्याची. काय काय निघू शकतं हे दोघांनी आधी एकमेकांना लेखी कळवावं. काकांची गरज त्यासाठी नाहीच; पुतण्या तुमच्या भावाचा मुलगा, वाय तोच.

राहिलं जावळी. जा, जरूर जा, पण अचानक दारात उभे राहू नका. आधी गावातल्या कुणाकरवी निरोप धाडा किंवा पत्र लिहा. आणि पहिल्याच वाक्यात सांगा की जमिनीचं काही नाही. दत्तक गेलेल्याचा जन्मघरात हक्क राहत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना असेलच असं नाही. चार पिढ्यांनी पुण्याहून कुणी पांढरपेशा माणूस फाइल घेऊन आला की गावातला माणूस आधी सातबाऱ्याचा विचार करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. फाइल गाडीतच ठेवा, वहीतल्या पानाचा एक फोटो तेवढा बरोबर घ्या. बोलायला बसलात की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंना विचारा, आमच्या गावाला तुमची कोण दिलेली होती?